सवा महिन्याआधी बाळाचे डोळे तपासायला न्यायचे का?

पत्र असं आहे :

'मॅडम, मी आर्णी तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहितो. बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. बीपी वाढलं आणि बत्तिसाव्या आठवड्यातच बाळंत झाली. मुलगा झाला, वजन १६४० ग्रॅम. एकवीस दिवस काचेत होता, आता घरी येऊन पाच दिवस झाले. सुट्टीच्या कार्डावर डोळ्यांच्या तपासणीसाठी नागपूरला न्या असं लिहिलं आहे. आई म्हणते, ओली बाळंतीण सवा महिन्याआधी उंबरठा ओलांडणार नाही. "डोये त चांगले दिसून राहिले लेकराचे, कायले नेता एवढ्या दूर?" भाऊजी म्हणतात, वेचणी आटोपली की जाऊ, सध्या मजूर मिळत नाही. पुण्याच्या चुलतभावानं नेटवर पाहून सांगितलं की दीड किलोच्या वरच्या बाळाला ही तपासणी लागतच नाही. आणि गावातले एक जण म्हणाले, ऑक्सिजननंच डोळे जातात, तुम्ही लावू द्यायलाच नको होता. आम्ही चूक केली का? आता काय करावं? – एक मामा'

मामा,

तुमचं पत्र हाती आलं तेव्हा बाळाचा सव्विसावा दिवस होता. सदरातून उत्तर छापून यायला आठवडा जातो आणि तेवढा वेळ तुमच्याजवळ नव्हता. म्हणून फोन करून एवढंच म्हटलं, की उद्याच्या पहिल्या गाडीनं निघा, बाकी मग बोलू. तुम्ही निघालात. घरातल्या मोठ्यांचा शब्द मोडून बाळंतिणीला चार तासांच्या रस्त्यावर नेणं आपल्याकडे सोपं नाही, हे मला माहीत आहे.

पण परवा तुमचा जो मेसेज आला, त्यानं मला पत्रापेक्षाही जास्त काळजीत टाकलं. 'तपासलं. औषध काही दिलं नाही. कागदावर झोन दोन, स्टेज दोन, प्लस नाही असं लिहिलं आणि आठ दिवसांनी परत बोलावलं. म्हणजे चांगलंच आहे ना? परत जायची गरज नसावी.' गरज आहे. का, ते सांगते, पण त्याआधी तुम्ही पाठवलेलं सुट्टीचं कार्ड आपण दोघं मिळून वाचू. तुमच्या बाळाला धोका किती आणि कशामुळे, ते सगळं त्याच कागदावर लिहिलेलं आहे. सुट्टीच्या घाईत ते कुणी उलगडून सांगितलं नाही, एवढंच.

फोटो मोठा करून पाहिला. निळ्या पेनाचं घाईचं अक्षर, कोपऱ्यावर औषधाचा डाग. पहिली ओळ : 'गर्भकाळ ३२ आठवडे.' सगळ्यात वजनदार ओळ हीच. डोळ्याच्या आत, मागच्या बाजूला जो पडदा असतो, त्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या चौथ्या महिन्याच्या सुमारास, म्हणजे सोळाव्या आठवड्यापासून, डोळ्याच्या नसेजवळून उगवायला लागतात आणि हळूहळू कडेकडे सरकतात. नाकाकडची कड आठवा महिना सरताना भरते, कानशिलाकडची अगदी नऊ महिने भरत आल्यावर. तुम्ही शेतकरी आहात, तुम्हाला हे चटकन कळेल. पाटाचं पाणी विहिरीकडून निघालंय आणि अजून धुऱ्यापर्यंत पोचलेलं नाही, तेवढ्यात तुमचा भाचा जन्माला आला. जितकं लवकर जन्मलेलं बाळ, तितकी कोरडी राहिलेली कड मोठी. बाकीच्या ओळींतले धोके या एका गोष्टीवर चढत जातात. नऊ महिने भरून आलेल्या बाळाला हा आजार सहसा होतच नाही.

या आजाराला डॉक्टर आरओपी म्हणतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या पडद्याचा आजार, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

दुसरी ओळ : 'वजन १६४० ग्रॅम.' इथे तुमच्या चुलतभावाचा घोटाळा झाला. त्यानं वाचलं ते खोटं नाही, पण ते अमेरिकेचं आहे. तिकडे साधारण १५०० ग्रॅम किंवा त्याखालची, किंवा ३० आठवडे व त्याआधी जन्मलेली बाळं सरसकट तपासतात. आपल्याकडे त्याहून मोठ्या, जास्त वजनाच्या बाळांनाही हा आजार होतो आणि तोही जोरात होतो, हे इथल्या डॉक्टरांना वर्षानुवर्षं दिसत आलंय. म्हणून भारतातला नियम वेगळा आहे : २००० ग्रॅमपेक्षा कमी वजन किंवा ३४ आठवड्यांआधीचा जन्म, यांतलं एक जरी असलं तरी तपासणी. ३४ ते ३६ आठवड्यांचं बाळ असेल, पण त्याला ऑक्सिजन लागला, जंतुसंसर्ग झाला, रक्त द्यावं लागलं, असं काही असेल तर त्याचीही. तुमचा भाचा दोन्ही मापांत बसतो. चुलतभावाला रागावू नका, त्यानं निदान पाहिलं तरी. पण बाळाच्या बाबतीत गूगलवरचा आकडा कुठल्या देशाचा आहे, ते आधी विचारत जा.

तिसरी ओळ : 'ऑक्सिजन ९ दिवस, पैकी सीपॅप ४ दिवस.' सीपॅप म्हणजे नाकावाटे हलक्या दाबानं हवा देऊन फुप्फुसं उघडी ठेवणारं यंत्र. मामा, या ओळीवर मी जरा रेंगाळणार आहे, कारण तुमच्या पत्रातलं 'आम्ही चूक केली का' हे वाक्य मला झोपू देईना.

गावातल्या माणसानं सांगितलं ते अर्धं खरं आहे, आणि अर्धं खरं फार त्रास देतं. हा आजार १९४२ मध्ये बोस्टनच्या थिओडोर टेरी नावाच्या डॉक्टरनं पहिल्यांदा नोंदवला. तेव्हा बाळांना उबेत ठेवायच्या चांगल्या काचेच्या पेट्या नुकत्याच निघाल्या होत्या, अपुऱ्या दिवसांची बाळं त्यांत जगू लागली होती आणि काही महिन्यांनी आंधळी होत होती. कारण कुणाला उमगेना. १९५१ मध्ये मेलबर्नच्या केट कॅम्पबेल यांनी बोट दाखवलं ते ऑक्सिजनकडे. मग १९५३-५४ मध्ये अमेरिकेतल्या १८ रुग्णालयांनी मिळून तपासून पाहिलं आणि ते खरं निघालं : मापाशिवाय, दिवसेंदिवस दिलेला ऑक्सिजन पडद्याचं नुकसान करतो. लगेच सगळीकडे ऑक्सिजन आखडला गेला. आंधळेपण कमी झालं, पण श्वासाविना बाळं दगावू लागली आणि जी वाचली त्यांतल्या काहींचे हातपाय लुळे राहिले. एवढी किंमत मोजून डॉक्टर शिकले की ऑक्सिजन हवाच, पण मोजून.

आता मोजून म्हणजे कसं? बाळाच्या तळपायाला लाल दिव्याचा चिमटा लावलेला तुमच्या बहिणीनं पाहिला असेल. त्याच्या मशीनवरचा आकडा ऑक्सिजन चालू असताना साधारण ९० ते ९५ मध्ये ठेवतात. आपल्याला वाटतं शंभर म्हणजे पैकीच्या पैकी. या बाळांना ऑक्सिजनवर असताना शंभर म्हणजे जास्त झालं. होतं असं, की पोटात असताना बाळाला कमी ऑक्सिजनची सवय असते. बाहेर आल्यावर एकदम भरपूर मिळाला की पडद्याच्या वाहिन्यांना वाटतं, आता पुढे सरकायची गरज नाही. त्या थांबतात, आखडतात. काही आठवड्यांनी डोळा वाढतो, कोरडी राहिलेली कड तहानेनं ओरडायला लागते आणि मग वाहिन्या नको तिथे, नको तशा, तणासारख्या माजतात. नाजूक असतात, फुटतात, रक्त सांडतं, त्याचे व्रण धरतात आणि ते व्रण पडद्याला ओढून भिंतीपासून सोडवतात. पडदा सुटला की दिवे गेले.

म्हणून ऐका : तुमच्या भाच्याला पहिल्या दिवशी श्वास घेता येत नव्हता. ऑक्सिजन लावला नसता तर आज डोळ्यांचा प्रश्नच उरला नसता, कारण बाळच उरलं नसतं. तुम्ही चूक केली नाही. आणि ऑक्सिजन एकटाच गुन्हेगार नाही. ज्यांना तो थोडाच लागला, अशा अगदी लहान बाळांनाही हा आजार झालेला आम्ही पाहतो.

चौथी ओळ : 'रक्तात जंतुसंसर्ग, इंजेक्शनं १० दिवस. रक्त १ वेळा दिलं.' हे दोन्ही धोक्यात भर घालणारे. जंतुसंसर्गात सगळ्या शरीरातल्या वाहिन्यांना सूज येते, त्यात डोळ्याच्याही आल्या. रक्त मोठ्या माणसाचं असतं आणि ते बाळाच्या स्वतःच्या रक्तापेक्षा ऑक्सिजन सहज सोडतं. तरी रक्त लागलं म्हणूनच दिलं, त्यावर शंका घेऊ नका. वारंवार श्वास थांबणं, मेंदूत रक्तस्राव हेही त्याच पंक्तीतले धोके, पण ते तुमच्या कार्डावर नाहीत. तेवढंच बरं.

पाचवी ओळ लोक वाचतच नाहीत : 'सुट्टीचं वजन १७१० ग्रॅम.' एकवीस दिवसांत अवघे ७० ग्रॅम वाढले. पहिल्या आठवड्यात वजन उतरतं, ते धरूनही ही वाढ मंद आहे. पहिल्या काही आठवड्यांत ज्याचं वजन नीट चढत नाही, त्याच्या पडद्याच्या वाहिन्याही नीट चढत नाहीत, असा आमचा अनुभव आणि अभ्यासही आहे. यावर मात्र घरी बसून करण्यासारखं काहीतरी आहे. फक्त आईचं दूध, दर दोन तासांनी, ओढत नसेल तर पिळून वाटी-चमच्यानं. आणि बाळाला आईच्या उघड्या छातीशी उभं बांधून ठेवणं, दिवसातून जितके तास जमेल तितके. बहीण थकली की भाऊजींनी बांधावं. हसू नका, बापाच्या छातीलाही तेवढीच ऊब असते.

आता आईंबद्दल. 'डोये चांगले दिसून राहिले' हे त्या डोळ्यांनी पाहून म्हणतात आणि त्यांचं पाहणं बरोबर आहे. बाहेरून डोळा चांगलाच दिसतो. काळाभोर, टपोरा, दिव्याकडे वळणारा. आजार मागच्या पडद्यावर आहे, तो घरच्या कुणाला दिसायचा नाही. मलाही उघड्या डोळ्यांनी दिसत नाही. बाहेरून दिसतो तेव्हा बाहुलीत पांढरं चमकतं, आणि तोवर बहुतेक सगळं हातचं गेलेलं असतं.

नोकरीत असताना माझ्याकडे एक मुलगी आली होती, साडेचार महिन्यांची. आजीनंच आणलं होतं, 'पोरगी चेहऱ्याकडे पाहत नाही' म्हणून. आधी सवा महिना थांबले, मग बारसं, मग पेरणी. कार्डावर तारीख होती, सांगणाऱ्यानं 'जमलं तर दाखवा' एवढंच सांगितलं होतं. मी तपासलं, दोन्ही पडदे सुटलेले. आजीनं विचारलं, 'चष्मा लागंल काय?' त्या प्रश्नाला मी काय उत्तर दिलं ते आज आठवत नाही. तिच्या झोळीला अडकवलेला काळा दोरा तेवढा आठवतो.

तुमच्या आईंनी हा आजार कधी ऐकला नाही, याचंही कारण आहे. त्यांच्या काळात दीड किलोचं बाळ सहसा जगत नव्हतं. गडचिरोलीत बंग दांपत्यानं गावातल्या बायांना शिकवून घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेतली, मृत्यू निम्म्याहून खाली आणले आणि तो अभ्यास १९९९ मध्ये जगापुढे मांडला. पुढे त्याच वाटेनं आशाताई देशभर घरोघरी जाऊ लागल्या, जिल्ह्याजिल्ह्यांत काचेचे वॉर्ड झाले. सातव्या-आठव्या महिन्याची बाळं वाचू लागली. जी वाचली त्यांच्या डोळ्यांचा हा नवा प्रश्न आहे, जुन्या माणसाला तो ठाऊक असायचं कारण नाही. आईंना असंच सांगा, वाद न घालता.

आणि सवा महिना मोडू नका, सोबत न्या. त्यामागचा हेतू थंडी, गर्दी आणि परक्यांचे हात टाळणं हाच ना? मग गाडीत बाळाला टोपी-मोजे घालून छातीशी बांधा, खिडकी लावा, वाटेत कुणाच्या हाती देऊ नका, हात धुतल्याशिवाय स्पर्श नको. तपासणीचा नियम तीस दिवसांच्या आतला आहे. २८ आठवड्यांआधी जन्मलेलं किंवा १२०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचं बाळ असेल तर आणखी आधी, दोन ते तीन आठवड्यांतच. सवा महिना चाळीस दिवसांचा. हिशेब जुळत नाही, आणि आजार पंचांग पाहत नाही.

ज्यांची तपासणी अजून व्हायची आहे त्यांच्यासाठी दोन शब्द, कारण तिथे पाहून आयांचं काळीज फाटतं. तासभर आधी दूध पाजून ठेवायचं, नंतर लगेच नको, उलटी होते. मग बाहुली मोठी करणारे थेंब दर दहा-पंधरा मिनिटांनी, दोन-तीनदा. पापणीभोवती गोरेपणा येतो, घाबरू नका. बाळाला कापडात घट्ट गुंडाळतात, बधिर करणारा थेंब टाकतात आणि बारीक तारेच्या चिमट्यानं पापण्या उघड्या धरतात. डॉक्टरांच्या कपाळावर दिवा, हातात भिंग. एका बोथट सळईनं डोळा किंचित दाबून कड पाहतात. बाळ टाहो फोडतं. दोन्ही डोळ्यांना मिळून काही मिनिटं लागतात. मी नेहमी आईला बाहेर न पाठवता डोक्याशी उभी करत असे, बोटाला साखरपाणी किंवा दूध लावून चोखायला द्यायला. संध्याकाळपर्यंत उजेडाचा त्रास होतो, म्हणून परतीच्या वाटेवर डोळ्यांवर सावली धरा.

आता तुमचा कागद. झोन म्हणजे वाहिन्या कुठवर पोचल्या. एक म्हणजे अगदी मध्याजवळ अडकल्या, सगळ्यात वाईट. तीन म्हणजे कडेला आल्या. तुमचा दोन, मधला. स्टेज म्हणजे आजार किती. एकमध्ये पोचलेल्या आणि न पोचलेल्या भागांमध्ये रेघ दिसते, दोनमध्ये तिचा बांध होतो, तीनमध्ये बांधावर ते तण उगवतं, चारमध्ये पडदा थोडा सुटतो, पाचमध्ये पूर्ण. प्लस म्हणजे मागच्या वाहिन्या फुगलेल्या, नागमोडी झालेल्या. ती धोक्याची घंटा, आणि ती तुमच्याकडे वाजलेली नाही.

स्टेज दोन असलेली बरीच बाळं आपोआप बरी होतात. म्हणून औषध दिलं नाही. पण काहींचा आजार एका आठवड्यात तीनवर जातो आणि प्लस येतो, आणि कुणाचा जाईल ते आज कुणीच सांगू शकत नाही. तुमचा भाचा आता दिवस मोजले तर छत्तिसाव्या आठवड्यात आहे, नेमका तो काळ जेव्हा हा आजार उसळतो. आठ दिवसांनी म्हणजे आठच दिवसांनी. पंधरा नाही, वेचणीनंतर नाही. उपचार लागला तर लेझर करतात किंवा डोळ्यात इंजेक्शन देतात आणि ते ठरल्यापासून दोन-तीन दिवसांत व्हावं लागतं. वेळेत झालं तर बहुतेक बाळांची नजर वाचते. इंजेक्शन दिलेल्या बाळांना पुढे जास्त काळ तपासावं लागतं, आजार काही महिन्यांनीही परत डोकं काढू शकतो.

इथे एक व्यवहाराची गोष्ट. या खेपेला भाऊजींना सोबत न्याच. 'आजच लेझर करू, सही करा' असं म्हटलं आणि मामा म्हणाला 'सासरी विचारून सांगतो', की दोन दिवस गेले. असे गेलेले दिवस मी फार पाहिलेत. वेचणीचा एक दिवस बुडेल, बुडू द्या. आजोबांशी, सासूबाईंशी जे बोलायचं ते निघण्याआधीच बोलून घ्या.

खर्चाचं म्हणाल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात हा आजार धरलेला आहे, सरकारी दवाखान्यात तपासणी आणि उपचार मोफत. आजारी अर्भकाला ने-आण करायला १०२ ची गाडीही वर्षाचं होईपर्यंत मोफत आहे. आशाताई घरी येतात तेव्हा त्यांना कार्ड दाखवून आदल्या दिवशीच बोलून ठेवा, सकाळी फोन लावत बसू नका. आणि तपासणी सांगायची राहिली तर तो दवाखान्याचा हलगर्जीपणा ठरतो, हेही माहीत असू द्या. १९९६ मध्ये तामिळनाडूत एकोणतिसाव्या आठवड्यात जन्मलेल्या मुलीची ही तपासणी झाली नाही, तिची दृष्टी गेली आणि सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये तिच्या कुटुंबाला जवळपास १ कोटी ८० लाख रुपयांची भरपाई देवविली. तुम्हाला मात्र कार्डावर लिहून दिलं होतं. ते पाळणं आता आपल्या हातात आहे.

किती खेपा, असं तुम्ही विचाराल. 'वाहिन्या पूर्ण वाढल्या' किंवा 'आजार ओसरला, आता येऊ नका' असं डॉक्टर स्वतःच्या हातानं कागदावर लिहीपर्यंत. तीन होतील, सहाही होतील. त्यानंतरही वर्षाच्या आत एकदा आणि मग शाळेत जाईपर्यंत दरवर्षी डोळे दाखवा. अपुऱ्या दिवसांच्या मुलांना जाड नंबर आणि तिरळेपणा इतरांपेक्षा जास्त येतो.

काजळ घालू नका, दुधाचे थेंब डोळ्यात टाकू नका, एरंडेल तर नकोच. तीट गालाला लावा. आईंचंही समाधान होईल.

पुढच्या खेपेचा कागद मिळाला की फोटो पाठवा. आणि बहिणीला सांगा, बीपीमुळे लवकर झालं, तिनं काही केलं म्हणून नाही. हे तिला सासरच्यांसमोर सांगा.